जिथे घंटागाडीच येत नाही, तिथे पहिली ते चौथीच्या मुलांना कचऱ्याचा पाठ कसा शिकवावा?

प्रश्न
डोंगरशाळा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर शिकवते. पहिली ते चौथीची मिळून 31 मुले आहेत. परिसर अभ्यासात कचऱ्याचा विषय आला की दरवर्षी जे करतो तेच यंदाही केले. ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका निळ्या डब्यात, असा तक्ता भिंतीवर लावला, मुलांकडून चित्रे रंगवून घेतली आणि घोषणा देत प्रभातफेरी काढली. मुलांना उत्तरे तोंडपाठ आहेत. केळीची साल कोणत्या डब्यात जाते, हे पहिलीतले मूलही न अडखळता सांगते.

अडचण अशी आहे की आमच्या गावात हिरवा डबा नाही आणि निळाही नाही. वाडी उतारावर आहे, रस्ता शाळेपर्यंत येऊन संपतो आणि कचरा न्यायला कोणतीही गाडी येत नाही. शाळेच्या फाटकासमोर दोन दुकाने आहेत. तिथली पाच रुपयांची वेफर्सची आणि कुरकुऱ्यांची पाकिटे मधल्या सुट्टीत मैदानभर उडतात. शनिवारी सकाळी परिपाठाआधी मुले पटांगण झाडतात आणि पालापाचोळा, कागद, पाकिटे असा सगळा केर मागच्या भिंतीलगत एकत्र करून आम्ही तो पेटवतो. माझ्या आधीच्या शिक्षकांनी हेच केले आणि मीही सहा वर्षे हेच करत आले.

मागच्या महिन्यात दुसरीतली एक मुलगी त्या धुराजवळ ओढणीने नाक धरून उभी होती. तिने मला विचारले, “बाई, हा आता कोणत्या डब्यात गेला?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून तो तक्ता भिंतीवर असूनही मी त्याच्याकडे बोट दाखवून शिकवलेले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. विल्हेवाटीची व्यवस्थाच नसलेल्या गावात मुलांना कचऱ्याची विल्हेवाट शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे? सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या हाताला झेपेल आणि त्यांच्या जिवाला धोका होणार नाही असे काय करून घेता येईल? आणि जाळणे थांबवायचे झाले, तर त्या पाकिटांचे करायचे काय? ज्यांनी प्रत्यक्ष शाळेत काही करून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1
कृष्णाकाठ

ताई, मी कराडकडच्या शाळांवर 34 वर्षे काढली आणि केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न हाच पाठाचा आरंभ समजा. तक्ता शहरासाठी काढलेला आहे. आपल्या मुलांना जी गोष्ट रोज दिसते तिथून सुरुवात करावी, आणि ती गोष्ट म्हणजे उकिरडा.

आपल्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरामागे आजही उकिरडा असेल. शेण, गोठ्यातला गाळ, चुलीची राख, भाजीचे देठ आणि अंगणाचा केर त्यात पडतो आणि पेरणीच्या आधी ते खत शेतात जाते. म्हणजे गावाला विल्हेवाट माहीतच नव्हती असे नाही. उलट, गावाची व्यवस्था इतकी पक्की होती की ‘कचरा’ म्हणून वेगळे काही उरतच नसे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते, असे आपण म्हणतो. ते दैव पालटायचे, कारण त्यात पडणारी प्रत्येक वस्तू कुजणारी होती. आता त्याच उकिरड्यात पाकिटे, शाम्पूच्या पुड्या आणि गुटख्याचे कागद पडतात आणि खताबरोबर शेतात पसरतात. मुलांना घरी जाऊन आजीला एकच प्रश्न विचारायला सांगा: “तू लहान असताना उकिरड्यात काय काय पडायचे?” दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन याद्या करा, आजीच्या उकिरड्याची एक आणि आजच्या उकिरड्याची दुसरी. मी हा तास तीन वेगवेगळ्या शाळांत घेतला आहे. दुसऱ्या यादीत जे जास्तीचे येते, तोच आपला खरा विषय असतो, आणि तो मुलांनी स्वतः शोधून काढलेला असल्यामुळे वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्यानंतर ‘पुरून पाहणे’ हा प्रयोग करावा. शाळेच्या कोपऱ्यात हातभर खोल असे सहा-सात लहान खड्डे घ्यावेत. एकात केळीची साल, दुसऱ्यात वहीचा कागद, पुढे सुती चिंधी, अंड्याचे टरफल, पत्रावळीचा तुकडा, दुधाची पिशवी आणि वेफर्सचे पाकीट, असे पुरून प्रत्येक ठिकाणी नावाची पाटी रोवावी. पुरण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून अंदाज लिहून घ्यावा, कारण अंदाज चुकल्याशिवाय मूल पुन्हा खड्ड्याकडे कुतूहलाने जात नाही. महिन्याने उकरून बघावे, पुन्हा झाकावे आणि आणखी दोन महिन्यांनी पुन्हा बघावे. कोणती वस्तू किती वर्षांत कुजते याचे आकडे पाठ करून घेण्यापेक्षा हे शंभर पटीने मोलाचे आहे. तसल्या तक्त्यांतले पाचशे आणि हजार वर्षांचे आकडे आठ वर्षांच्या मुलाला नुसते मोठे वाटतात, पण तीन महिन्यांनंतरही किंमत वाचता येणारे पाकीट त्याला समजते.

चौथीच्या मुलांसाठी आणखी एक सुचवतो. आपल्या ओढ्यात अडकलेले पाकीट पहिल्या पावसात कुठे जाईल, हे नकाशावर बोटाने शोधू द्या. ओढा कोयनेला मिळतो, कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि कृष्णा सांगली, नरसोबाची वाडी करत कर्नाटकात आलमट्टीच्या धरणाकडे जाते. तिथून पुढे ती तेलंगण आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्याकडून जे ‘बाहेर’ टाकले जाते, ते कोणाच्या तरी पाणवठ्यावर जाते, हे या एका रेषेवरून कळते.

प्रभातफेरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्या दिवशी मुले ‘स्वच्छता पाळा’ असे ओरडत गावातून फिरतात आणि परत येऊन शाळेच्या मागे कचरा पेटलेला पाहतात, त्या दिवशी ती कचऱ्याविषयी काही शिकत नाहीत. मोठी माणसे जे बोलतात ते करत नाहीत, एवढे मात्र शिकतात. जाळणे आधी बंद करावे, पाठ नंतर घ्यावा.

उत्तर 2
वर्गीकरण शेड

मी पुण्यात कचरावेचक महिलांबरोबर काम करते आणि वर्षातून आठ-दहा शाळांत तास घेते. वरच्या उत्तरातले बहुतेक सगळे मला पटते. मी फक्त त्या पाकिटांविषयी आणि एका नाजूक बाबीविषयी लिहिते.

ओला आणि सुका ही विभागणी योग्य आहे, पण ती पहिली पायरी आहे. ‘सुका’ ही एक वस्तू नाही. आमच्या शेडमध्ये बायका सुक्या कचऱ्याचे जे ढीग लावतात, त्यांत रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळे, पत्रा वेगळा आणि काच वेगळी असते. हे ढीग भंगारवाल्याच्या भावावरून ठरतात. शाळेत मी हाच खेळ घेते. घरून धुऊन, वाळवून आणलेल्या वस्तू मध्ये ठेवायच्या आणि मुलांनी भंगाराचे दुकान मांडायचे. एक मूल दुकानदार होते, बाकीचे विकायला येतात. “हे घेता का?” या एका प्रश्नावर अख्खा तास रंगतो. कोरडा कागद तो घेतो, खिचडी लागलेला घेत नाही. म्हणजे वेगळे का ठेवायचे आणि कोरडे का ठेवायचे, हे सांगण्याआधीच मुलांच्या ध्यानात येते. वेफर्सचे पाकीट मात्र कोणीच घेत नाही. ते प्लास्टिकच्या एकमेकांना चिकटवलेल्या पापुद्र्यांचे असते, आतली चंदेरी बाजू ॲल्युमिनियमच्या पातळ थराची असते आणि हे थर सुटे करणे परवडत नाही. मुलांच्या दुकानात शेवटी जो ढीग उरतो, तो जवळजवळ पूर्णपणे पाकिटांचा असतो. तो ढीग तसाच वर्गात राहू द्यावा आणि मुलांना तो बघू द्यावा.

एक छोटी सवय आवर्जून लावावी. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीलाच लटकता ठेवायचा. तो चिमूटभर तुकडा सुटला की कोणाच्याच हाती लागत नाही, मातीत जातो. पहिलीचे मूल ही गोष्ट घरी जाऊन आईला सांगू शकते, आणि सांगते, असा माझा अनुभव आहे.

आता ती नाजूक बाब. शहरातल्या पालिका शाळांमध्ये माझ्यासमोर बसलेल्या मुलांपैकी काहींच्या आया कचरा वेचतात. एका वर्गात तास सुरू होण्यापूर्वी बाईंनी मस्ती करणाऱ्या मुलाला सर्वांदेखत म्हटले, “अभ्यास केला नाहीस तर पुढे कचरा गोळा करावा लागेल.” दुसऱ्या बाकावरच्या मुलीने मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. तिची आई सकाळी सहा वाजता त्याच वस्तीतल्या दोनशे घरांचा कचरा उचलून गेलेली होती. हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आणि वर्गांत सहज बोलले जाते आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ज्यांच्या श्रमांवर शहर उभे आहे, त्यांच्या नावाची मुलांना भीती घालायची आणि वरून स्वच्छतेचा पाठ घ्यायचा, हे जुळत नाही. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे कचरावेचकांच्या मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने 2008 मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचे संकलन हाती घेतले. आपले काम हे काम म्हणून मान्य व्हावे, यासाठी या बायकांना किती झगडावे लागले, हेही कचऱ्याच्या पाठात यायला हवे. त्याच बायकांनी वापरलेली सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत शहराला सांगितली, म्हणजे पुडके उघडण्याआधीच आत काय आहे ते कळावे. तिसरी-चौथीच्या मुलांना हे साध्या शब्दांत सांगता येते: आपण जे टाकतो, त्याला पुढे कोणाचा तरी हात लागणार असतो.

आणि सुरक्षेबद्दल. मुलांनी रस्त्यावरचा किंवा ओढ्यातला कचरा हाताने वेचू नये. फुटकी काच, सुया, औषधे, सेल, डायपर या गोष्टींना मुलांनी हात लावायचाच नाही. घरून स्वच्छ करून आणलेल्या वस्तूंवर सगळा पाठ घेता येतो.

उत्तर 3
चौथीची आई

मी शिक्षिका नाही, ठाण्यात राहते, पण पालक म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्याकडे कचऱ्याचा विषय म्हणजे दरवर्षी ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा. मागच्या वर्षी मुलीच्या पेनस्टँडसाठी आम्ही बाटली, सोनेरी टिकल्या, रंग आणि गोंद विकत आणला. प्रदर्शन झाल्यावर आठवड्याभरात ते सगळे कचऱ्यात गेले आणि रंग-गोंद लागलेली ती बाटली भंगारवाल्यानेही नाकारली. नुसती बाटली त्याने घेतली असती. काही शाळांत अजूनही अशा स्पर्धांत सजावटीचा थर्माकोल दिसतो, जो 1 जुलै 2022 पासून देशभर बंद झालेल्या वस्तूंच्या यादीत आहे. फुग्यांच्या आणि लॉलीपॉपच्या प्लास्टिकच्या काड्या आणि प्लास्टिकचे झेंडेही त्याच यादीत आहेत. 26 जानेवारीला शाळेसमोर प्लास्टिकचे झेंडे विकायला आले, तर मुलांना ही यादी वाचून दाखवता येईल.

स्पर्धा घ्यायचीच असेल, तर तुटलेले दुरुस्त करण्याची घ्यावी. फाटलेल्या दप्तराला टाका घालणे, उसवलेल्या वहीला नवी शिवण आणि पुठ्ठा लावणे, एवढे चौथीच्या मुलांना जमते.

उत्तर 4
नाडेप हौद

मी यवतमाळ जिल्ह्यात कृषी विभागात काम करतो. ‘कृष्णाकाठ’ यांनी सुचवलेला प्रयोग उत्तम आहे, मात्र पाटणच्या पावसात खड्डे जून ते सप्टेंबर पाण्याने भरलेले राहतील आणि हवा न मिळाल्याने वस्तू कुजण्याऐवजी आंबून वास मारतील. आता थंडी सुरू होत आहे. लगेच पुरले, तर मार्चपर्यंत दोनदा उकरता येईल. माती फार कोरडी पडू देऊ नये, आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी घालावे.

पालापाचोळ्यासाठी खड्डा नको, जमिनीवरचा हौद करा. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांचा जाळीदार हौद रूढ केला आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला नाडेप हे नाव पडले. मूळ हौद 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच असतो आणि विटांच्या मधे मुद्दाम भोके ठेवतात, त्यातून हवा खेळते. शाळेला 4 फूट बाय 3 फूट पुरेल, आणि विटा नसतील तर बांबूच्या कामट्यांचा केला तरी चालेल. खाली काड्याकुड्या, त्यावर वीतभर पाला, त्यावर शेणकाला शिंपडायचा आणि वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यायचा, असे थर वर चढवत न्यायचे. पोषण आहाराच्या भाजीची साले आणि देठ त्यात जाऊ द्या, पण एक बादली ओल्या सालींना दोन बादल्या कोरडा पाला हे प्रमाण सोडू नका. शिजलेला भात किंवा खिचडी घालू नका, उंदीर आणि कुत्री येतील. ते अन्न गावात जनावरांना जातच असेल. आंब्याची पाने जाड आणि मेणचट असतात, लवकर कुजत नाहीत. ती चुरून घालावीत.

ओलावा किती हवा, हे मुलांना शिकवण्याची सोपी खूण आहे. मूठभर माल मोठ्या माणसाने दाबून दाखवावा. हाताला ओल लागली पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. दुर्गंधी आली तर पाणी जास्त आणि हवा कमी झाली असे समजून कोरडा पाला मिसळावा. हौद भरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मध्यभागी लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि थोड्या वेळाने बाहेर काढून, आधी स्वतः तपासून, मुलांना हात लावू द्या. ती गरम लागते. आग न लावता पाला गरम कसा झाला, हा प्रश्न मुले दिवसभर विचारत राहतात. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंविषयी सांगायला तीच वेळ योग्य असते. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते आणि ते शाळेच्या परसबागेत वापरता येते.

पाकिटांबद्दल एक कायदेशीर बाजू सांगतो. 2016 चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम ग्रामीण भागालाही लागू आहेत. प्लास्टिक कचरा वेगळा करणे, गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे आणि तो उघड्यावर जाळला जाणार नाही हे पाहणे, ही त्यात ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतील मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवलेला होता, तेव्हा पैशांचे कारण देण्यापूर्वी ग्रामपंचायतीने आपला हिशेब पाहावा. हा विषय मुलांच्या पत्राने ग्रामसभेत नेता येतो.

डोंगरशाळा
(अडीच महिन्यांनी)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, पण हातात सांगण्यासारखे काही असल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

जाळणे त्याच शनिवारी बंद केले. पहिले दोन आठवडे केराचे काय करायचे, हे मलाच सुचेना. मग बांबूच्या कामट्यांचा हौद एका पालकाने उभा करून दिला आणि पाला त्यात जाऊ लागला. सळईचा प्रयोग केला तेव्हा चौथीतल्या एका मुलाने सळई सोडून थेट हौदाच्या कडेला कान लावला. आत काही वाजते का, ते त्याला ऐकायचे होते.

पुरलेल्या वस्तू पहिल्यांदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि दुसऱ्यांदा मागच्या आठवड्यात उकरल्या. केळीच्या सालीचा फक्त काळा देठ उरला होता. वहीच्या कागदाची पाने एकमेकांना चिकटून मातीच्या रंगाची झाली होती आणि बोट लावताच फाटली. चिंधीला भोके पडली होती. अंड्याचे टरफल मात्र जवळजवळ तसेच निघाले. ते चटकन कुजेल असे 27 मुलांनी लिहून दिले होते, त्यामुळे यावर बराच वाद झाला. वेफर्सचे पाकीट बाहेर काढून एका मुलीने फ्रॉकला पुसले आणि मोठ्याने वाचले, “पाच रुपये. सर्व करांसह.” वर्ग एकदम शांत झाला. ज्या मुलीने मला धुराजवळ प्रश्न विचारला होता, तिने ते पाकीट हातात घेऊन उलटे-सुलटे केले, आतली माती झटकली आणि म्हणाली, “हे परत पुरू या नको. हे काही जात नाही.”

पटांगणातली पाकिटे वेचण्याचे काम आम्ही दोघा शिक्षकांनी चिमट्याने केले आणि मुलांनी मोजली. एका आठवड्यात 118 झाली. तिसरी-चौथीच्या मुलांनी शाळेचे 40 आठवडे धरून 4,720 असा गुणाकार केला आणि तोच आकडा घालून ग्रामपंचायतीला पत्र लिहिले. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत चौघांनी ते वाचून दाखवले. त्याआधी काही पालक माझ्याकडे नाराजी घेऊन आले होते, मुलांना कचऱ्यात हात घालायला लावता का, असे त्यांनी विचारले. चिमटा आणि घरून धुऊन आणलेल्या वस्तू दाखवल्यावर त्यांचे समाधान झाले, एकाचे अजून झालेले नाही. ग्रामसभेने दोन्ही दुकानांसमोर एकेक पोते बांधायचे आणि ग्रामपंचायतीने महिन्यातून एकदा ती पोती तालुक्याला पोहोचवायची असे ठरवले. पहिली खेप गेली आहे. एका दुकानदाराने राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे सुटे लाडू बरणीत ठेवायला सुरुवात केली आहे आणि मधल्या सुट्टीत ते संपतात.

‘वर्गीकरण शेड’ यांनी लिहिलेले ते वाक्य मी स्वतःही एकदा वर्गात बोलले होते. आता बोलत नाही.

भिंतीवरचा तक्ता मुलांनीच बदलला. हिरव्या आणि निळ्या डब्यांच्या जागी हौद, भंगार आणि पोते अशी तीन चित्रे आहेत, आणि चौथ्या चौकटीत नुसते प्रश्नचिन्ह आहे. फुटकी काच, सेल आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या तिथे लिहिल्या आहेत, कारण त्यांची सोय अजून झालेली नाही.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आमच्याकडे जूनपासून रस्ता वरचेवर बंद होतो. डोंगरी आणि पावसाळी भागातल्या शाळांनी पाकिटांची पोती पावसाळाभर कोरडी कशी ठेवली, हे कोणी केले असेल तर सांगावे. आणि सेलची खेप तालुक्याला कोणाकडे द्यायची, याचा अनुभव असलेल्यांनीही कळवावे. तोवर मी ते पत्र्याच्या डब्यात घालून कपाटावर, मुलांच्या हाताबाहेर ठेवले आहेत.